वेठ, हंडी आणि लगोरी : लोणी काळभोरहून दिसलेला यंत्रमानव

लोणी काळभोरचा इतिहास धुंडाळायला मी लागलो तो एका चुकीपासून. टॉमस कोट्स नावाच्या इंग्रज डॉक्टराने पेशवाई बुडाल्यानंतर थोड्याच काळात पुण्याजवळच्या 'लोणी' या गावाची बारीक पाहणी केली होती. घरे, जमिनी, गुरे, पिके, जेवणखाण, कर्ज, बलुतेदार असे सगळे त्याने टिपले आणि ते टिपण १८२३ मध्ये मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या खंडात छापून आले. एका गावाची इतकी जुनी आणि इतकी तपशीलवार पाहणी भारतात फार थोडी सापडते. मला वाटले, घबाड हाती लागले. महिनाभर मी त्यावरून टिपणे काढत होतो. मग डॉ. गो. स. घुर्ये यांचे १९६० चे पुस्तक मिळाले. कोट्सनंतर सव्वाशे वर्षांनी त्याच गावाची त्यांनी पुन्हा केलेली ती पाहणी होती, आणि पुस्तकाच्या नावातच गावाचा खुलासा होता : लोणीकंद.

म्हणजे कोट्सची लोणी नगर रस्त्यावरची. माझी लोणी सोलापूर रस्त्यावरची, काळभोरांची. दोन्हींच्या मधून मुळा-मुठा वाहते. ज्यांना विद्यापीठात मार्गदर्शक मिळतो त्यांची अशी फजिती पहिल्या आठवड्यातच थांबते. माझ्यासारख्याची महिनाभर चालते. पण टिपणे मी फाडली नाहीत. नदीच्या या काठाला काय आणि त्या काठाला काय, सुतार-लोहारांचे काम निराळे नव्हते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या 'गावगाड्या'त सुतार आणि लोहार यांना बलुतेदारांच्या थोरल्या ओळीत बसवले आहे. कुणब्याचा नांगर, मोट, गाडी यांवाचून चालत नाही आणि ती दुरुस्त करणारा हात गावातच हवा, असा तो साधा हिशेब. मोबदला सुगीला धान्यात.

हे मी का शोधत होतो? माझी भाची लोणी काळभोरच्या एका महाविद्यालयात रोबोटिक्स शिकते. पहिल्या वर्षाच्या दिवाळीत ती घरी आली तेव्हा तिने सहज विचारले, "मामा, तू एवढं जुनं वाचतोस, आमच्या विषयाचं जुनं काही आहे का रे?" मी तोऱ्यात म्हणालो, "असणारच." तेव्हापासून ते 'असणारच' माझ्या मानगुटीवर बसले आहे.

शब्दापासून सुरुवात केली, कारण शब्दकोश माझ्या घरात आहेत आणि रोबोट नाहीत. 'रोबोट' हा शब्द चेक नाटककार कारेल चापेक याच्या 'आर. यू. आर.' या नाटकातून जगभर गेला. नाटक १९२० मध्ये छापले गेले आणि जानेवारी १९२१ मध्ये प्रागच्या राष्ट्रीय रंगभूमीवर आले. शब्द सुचवला तो कारेलचा भाऊ योसेफ याने. त्याच्या मुळाशी 'रोबोता' आहे. बोहेमियातल्या कुळांना जमीनदाराच्या शेतावर ठरलेले दिवस फुकट राबावे लागे, त्या राबणुकीचे हे नाव. ती इतकी रुळलेली होती की १७७५ मध्ये सम्राज्ञी मारिया तेरेसा हिने तिच्यावर मर्यादा घालणारा जो हुकूम काढला तोही इतिहासात 'रोबोट-फर्मान' म्हणूनच ओळखला जातो. १८४८ मध्ये ती प्रथा बंद झाली. शब्द मात्र उरला. आणखी एक गंमत अशी की चापेकचे रोबोट लोखंडाचे नव्हतेच. ते कारखान्यात रसायनांपासून घडवलेले, माणसासारखेच दिसणारे कामकरी होते. पत्र्याचा, डोळ्यांत दिवे लुकलुकणारा रोबोट नंतर चित्रपटांनी आणि खेळण्यांनी आणला.

'रोबोता'ला मराठीत नेमका शब्द आहे : वेठ. वेठीला धरलेल्या माणसाला आपल्याकडे वेठ्या म्हणत. तेव्हा 'रोबोट'चे इमानी भाषांतर करायचे तर 'वेठ्या' म्हणावे लागले असते. आपण 'यंत्रमानव' म्हटले. भाषांतर सुबक आहे, संस्कृत आहे, आणि त्यात मूळ शब्दाचा घाम कुठेच लागत नाही.

वेठ ही आपल्यासाठी दूरची गोष्ट नव्हती. सरकारी अंमलदार गावात आला की त्याचे ओझे वाहणे, निरोप घेऊन धावणे, वसुलाबरोबर जाणे ही कामे महार वतनदारांच्या गळ्यात होती. १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच राबणुकीविरुद्ध. प्रागमध्ये रंगमंचावरचे वेठ्ये मालकांविरुद्ध उठले त्याला तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. तो मी जोडतही नाही. एवढेच, की हे दोन कागद माझ्या टेबलावर एकाच आठवड्यात आले आणि मी ते वेगवेगळ्या फायलींत ठेवू शकलो नाही. पुढे राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने वेठ बंद केली. त्या अनुच्छेदाचा इंग्रजी मसुदा पाहा : त्यात इंग्रजीला शब्द पुरला नाही म्हणून आपला 'बेगार' तसाच घेतलेला आहे.

भाचीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "आमच्या पुस्तकात मास्टर आणि स्लेव्ह असतं." मी चमकलो. पण ते खरे आहे. किरणोत्सारी पदार्थाला माणसाने हात लावायचा नाही, म्हणून जाड भिंतीच्या आणि काचेच्या अलीकडे माणसाने एक दांडा हलवायचा आणि पलीकडे यांत्रिक हाताने तंतोतंत तीच हालचाल करायची, अशी योजना रेमंड गर्ट्झ याने अमेरिकेतल्या अरगॉन प्रयोगशाळेत १९४० च्या दशकाच्या अखेरीस केली. अलीकडचा हात मालक, पलीकडचा गुलाम. आपल्याकडे हे हात तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात आले, आणि दूरहाताळणी व रोबोटिक्स यांचा स्वतंत्र विभाग तिथे उभा राहिला. महाराष्ट्रातल्या यंत्रमानवशास्त्राची एक जुनी शाळा म्हणून मी तुर्भ्याचे नाव घेतो. तिथे प्रश्न हौसेचा नव्हता. माणसाने जिथे जाऊ नये तिथे कोणाला पाठवायचे, हा प्रश्न होता.

कारखान्यांतही सुरुवात अशाच जागेपासून झाली. जॉर्ज डेव्होल याने १९५४ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, आणि त्या कल्पनेतून जोसेफ एंगलबर्गरच्या साथीने तयार झालेला 'युनिमेट' १९६१ मध्ये न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामाला लागला. काम कोणते? साच्यातून निघालेले तापलेले ओतीव भाग उचलून ठेवण्याचे. माणसाचे हात भाजतात, धुराने छाती भरते, असे ते काम. पहिला औद्योगिक रोबोट माणसाची वेठ उचलायला आला, असे म्हणायला हरकत नाही. दुसरा आणि तिसरा कशासाठी आले, याबद्दल मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. ते मत पुस्तकातले नाही.

मी १९८० च्या दशकाच्या शेवटी आय.टी.आय.मध्ये टर्नर झालो. अभियांत्रिकीला जायचे होते, पण बारावीचे गुण आणि घरची स्थिती दोन्ही आड आली. हडपसरला एका कारखान्यात नऊ वर्षे लेथवर काढली. तिथे एके दिवशी काचेच्या पेटीत बसवलेला नारिंगी हात आला आणि आमच्या शेजारच्या वेल्डिंगच्या ओळीवर उभा राहिला. व्यवस्थापकांनी पेढे वाटले. वर्षभरात त्या ओळीवरचे अकराजण दुसरीकडे 'सामावून घेतले' गेले. त्यातल्या चौघांना मी नंतर रिक्षा चालवताना पाहिले. रोबोटने त्यांची वेठ काढली की पोट काढले? धुरात दिवसभर वाकून बसणारा आमचा एक मित्र सांगायचा, "काम वाईट होतं रे, पण माझं होतं." त्याच्या बोलण्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. कारखान्याचे नाव मी लिहीत नाही. ते घडले तसे तेव्हा बऱ्याच ठिकाणी घडले. पुढे लेथवर संगणक बसले आणि मीही बाहेर पडलो. वाचनालयात बसायला वेळ मिळू लागला तो तेव्हापासून. माझ्या संशोधनाची 'शिष्यवृत्ती' ती हीच.

म्हणून पुण्याच्या तंत्रशिक्षणाचा इतिहास मी जरा तिरक्या नजरेने वाचतो. १८५४ मध्ये पुण्यात 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' सुरू झाले. आजच्या सीओईपीचे ते मूळ. बांधकाम खात्याला इमारती, पूल, कालवे यांच्या कामावर दुय्यम अधिकारी हवे होते. लोहमार्गही दाराशी आला होता आणि १८५८ पर्यंत तो पुण्याच्या पूर्वेला पुढे सरकला. आज लोणीच्या स्टेशनावरून जाणाऱ्या गाड्या त्याच मार्गाच्या. त्या शाळेच्या नावातला 'मेकॅनिकल स्कूल' हा तुकडा मला मोलाचा वाटतो. पुढे शाळेचे कॉलेज झाले, नावे बदलत गेली, १९११ मध्ये 'कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग' झाले, आणि तो तुकडा गळाला. हातकामाची शाळा आणि पदवीची शाळा या दोन वाटा वेगळ्या होत गेल्या. एका वाटेने अधिकारी गेले, दुसरीने आमच्यासारखे टर्नर-फिटर. आत्र्यांच्या गावगाड्यातला सुतार निदान स्वतःच आराखडा करून स्वतःच रंधा मारत असे.

रोबोटिक्स महाविद्यालयात शिरले ते पदवीच्या वाटेने. कितीतरी वर्षे तो यंत्र अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातला एक ऐच्छिक विषय होता. त्यात गणित असे आणि खरेच सुंदर गणित असे. झाक देनाव्ही आणि रिचर्ड हार्टनबर्ग यांनी १९५५ मध्ये दाखवून दिले की यांत्रिक हाताचा एकेक सांधा फक्त चार आकड्यांत मांडता येतो. ते आकडे कोष्टकात भरले आणि गुणाकार करत गेले की सहा सांध्यांच्या हाताचे टोक या क्षणी कुठे आहे ते कळते. उलट प्रश्न अवघड : टोक अमुक जागी न्यायचे असेल तर कोणता सांधा किती वळवायचा? याला कधी अनेक उत्तरे असतात, कधी एकही नसते. आपण ताटातला घास तोंडात नेतो तेव्हा हे उलटे गणित खांदा, कोपर, मनगट आपापसांत सोडवतात आणि आपल्याला पत्ता लागत नाही. भाचीने मला हे वहीच्या मागच्या पानावर काढून दाखवले. पस्तीस वर्षांपूर्वी कोणी दाखवले असते तर, असे वाटून गेले. असो.

पण वर्षानुवर्षे असा फळ्यावर हात हलत राहिला, प्रत्यक्षात फार थोड्या मुलांनी तो हलवला. ती कोंडी ज्यांनी फोडली त्यात दोन नावे घ्यावी लागतील. एक, मुंबई आयआयटीतला प्रा. कवी आर्य यांचा 'ई-यंत्र' प्रकल्प. त्यांनी महाविद्यालयांत प्रयोगशाळा उभ्या करायला मदत केली, आणि मुख्य म्हणजे विद्यार्थ्यांच्या आधी शिक्षकांना चाकांचा छोटा रोबोट हाती देऊन कामाला लावले. ज्या मास्तरांनी कधी तार जोडली नव्हती त्यांनी जोडली. दुसरे नाव स्पर्धेचे. त्यात पुण्याचा वाटा मोठा आहे आणि तो मराठी वाचकांना जवळजवळ ठाऊक नाही, म्हणून जरा थांबून सांगतो.

आशिया-पॅसिफिक प्रसारण संघ २००२ पासून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी 'रोबोकॉन' भरवतो. पहिली स्पर्धा टोकियोला झाली, व्हिएतनामने जिंकली. नियम असा की दरवर्षी यजमान देशाने आपल्या मातीतला एखादा खेळ, सण किंवा कथा घ्यायची आणि तिचे यंत्रांसाठी कोडे करायचे. जपानने फुजी पर्वत घेतला, चीनने भिंत घेतली, व्हिएतनामने हालाँगचा उपसागर. २००८ मध्ये यजमानपद भारताकडे आले, आयोजक दूरदर्शन, जागा पुण्यातले बालेवाडी. आणि घेतले काय? दहीहंडी.

कल्पना करा. गोकुळाष्टमी नुकतीच होऊन गेलेली. मंडपाबाहेर पावसाची भुरभुर. आणि आत चीन, जपान, इजिप्त, व्हिएतनाम अशा देशांची मुले वर्षभर खपून बनवलेली यंत्रे घेऊन उंचावर टांगलेल्या मडक्यांशी झटताहेत. थर लावणाऱ्या पोराच्या पोटऱ्यांना जो तोल आपोआप साधतो तो साधायला त्यांना मोटारी, दातेरी चक्रे, संवेदक आणि शेकडो ओळींची आज्ञावली लागत होती. 'गोविंदा' हा शब्द नियमपुस्तकात पारिभाषिक संज्ञेसारखा गेला. चीनचे शिआन जियाओतोंग विद्यापीठ जिंकले. मला त्या निकालापेक्षा एका गोष्टीचे नवल वाटते. लोणी चोरायला माणसांवर माणसे रचणारा खेळ यंत्राच्या भाषेत लिहायला बसले की तो खेळ मुळात किती अवघड आहे ते कळते. आणि खालच्या थरातला माणूस दिसू लागतो. नियमपुस्तकात त्याच्या जागी वजन सोसणारा पाया लिहावा लागतो.

२०१४ मध्ये स्पर्धा पुन्हा बालेवाडीत आली. या वेळी विषय पालकत्वाचा. एक पालक रोबोट, त्याला विद्यार्थी चालवणार. आणि एक मूल रोबोट, स्वयंचलित. पालकाने मुलाला सी-सॉवर, खांबांवरून, झोपाळ्यावर आणि चढायच्या जाळीवर न्यायचे. पालकाचा हात माणसाच्या ताब्यात आणि मूल मात्र आपल्या बुद्धीने चालणारे, ही वाटणी ज्याने केली त्याच्या घरी वयात येणारे मूल असावे असा माझा तर्क आहे. जिंकले व्हिएतनामचे लाक होंग विद्यापीठ. राष्ट्रीय फेऱ्याही बरीच वर्षे पुण्यात भरत आणि त्यांच्या आयोजनात दूरदर्शनबरोबर पुण्याच्या एमआयटी संस्थेचा वाटा असे. मग २०२२ मध्ये नवी दिल्लीची पाळी आली तेव्हा निवडलेला खेळ होता लगोरी. नावासकट. एकाने चळत फोडायची आणि पुन्हा रचायची, दुसऱ्याने चेंडू मारून ते होऊ द्यायचे नाही. भिंतीला टेकून खापरीचे तुकडे रचणाऱ्या आमच्या पिढीला कोणी सांगितले असते की याची आंतरराष्ट्रीय नियमावली निघणार आहे, तर आम्ही त्याला चेंडू मारला असता.

या स्पर्धांनी एक काम केले जे शंभर वर्षे अभ्यासक्रमाला जमले नव्हते. यंत्र चालत नसेल तर गुण मिळत नाहीत, एवढ्या एका नियमामुळे पदवीची मुले रात्र-रात्र वर्कशॉपमध्ये बसू लागली. ड्रिलिंग करू लागली, पत्रा कापू लागली, बोटे कापून घेऊ लागली. 'मेकॅनिकल स्कूल' मागच्या दाराने परत आले.

आता लोणी. सोलापूर रस्त्याने पुणे सोडून वीसेक किलोमीटर आले की एका बाजूला तेल कंपन्यांच्या टाक्या, टँकरच्या रांगा, आणि नदीच्या अंगाला राजबाग. राज कपूरची ही शेतवाडी. 'सत्यम् शिवम् सुंदरम्' या १९७८ च्या चित्रपटाचे चित्रण इथे झाले. उसाच्या गावात त्याने एक खोटे गाव उभारले आणि लोकांनी ते खरे मानले. १९८८ मध्ये तो गेला. पुढे ही जागा एमआयटीकडे आली. २०१५ च्या कायद्याने 'एमआयटी कला, अभिरचना आणि तंत्रज्ञान विद्यापीठ' स्थापन झाले ते याच आवारात. शेजारच्या थेऊरचा यशवंत साखर कारखाना त्याआधी काही वर्षे बंद पडला होता. सकाळी गावातून जाताना दोन रांगा दिसतात. एक मुलामुलींची, पाठीवर संगणकाची पिशवी. दुसरी नाक्यावर कामाची वाट बघत उभी राहिलेल्यांची. पहिल्या रांगेतली मुले जे शिकताहेत त्यातून दुसऱ्या रांगेचे काय होणार, हे मी भाचीला विचारले. ती चिडली नाही. म्हणाली, "ऊस तोडायचं यंत्र केलं तर तुला आनंद होईल की दुःख?" मराठवाड्यातून कोयता घेऊन येणाऱ्या जोड्या, पाचटाच्या झोपड्या, उसाच्या फडात वाढणारी पोरे मी पाहिलेली आहेत. म्हणालो, "आनंद." मग म्हणालो, "थांब." अजून थांबलेलोच आहे.

चाकणला बजाजच्या कारखान्यात २०१० च्या सुमारास माणसाच्या शेजारी, पिंजऱ्याविना काम करणारे हलके रोबोट आले. ते पाहून आलेला एक जुना सहकारी सांगत होता की तिथे बायका त्यांच्या बाजूला उभ्या राहून काम करतात, आणि जड व पुन्हापुन्हा करायचे काम हात करतो. आमच्या वेळच्या नारिंगी हाताला काच होती. काच का गेली? नवा हात कोणाला लागला तर थांबतो म्हणून. तंत्रज्ञान तेच, पण ते माणसाच्या जागी उभे करायचे की शेजारी, हे कोणीतरी ठरवते. ते ठरवणारी माणसे लोणीसारख्या वर्गांतून बाहेर पडणार आहेत, म्हणून मला त्या वर्गांत काय शिकवतात यात एवढा रस.

गेल्या उन्हाळ्यात भाचीच्या गटाचे काम अडले. टोमॅटोसारखे मऊ फळ न दाबता उचलायची चिमट हवी होती. आज्ञावली चालत होती, गणित बरोबर होते, पण बोटे थरथरत. त्यांनी बुश त्रिमितीय छपाईच्या प्लास्टिकचे केले होते. दुपारच्या उन्हात ते मऊ पडे आणि दांडा डगमगे. तिने मला कागदावर आकृती आणून दिली. आठ मिलिमीटरचे भोक, लांबी वीस. मी विचारले, "सैल किती चालेल?" ती म्हणाली, "फिट बसायला हवं." मी म्हणालो, "फिट म्हणजे किती?" ती गप्प. मग आम्ही दोघे शेजारच्या गाळ्यात गेलो. मालक जुना ओळखीचा, त्याच्याकडे अजून हाताने चालवायचा लेथ आहे. पितळेचा तुकडा बांधला. बावीस वर्षांनी चाक फिरवले. पहिला तुकडा वाया गेला, माझ्यामुळे. दुसऱ्याला तिने स्वतः शेवटचा हात दिला; भुसा उडू लागला तशी मागे सरली, मग पुन्हा पुढे आली. दांडा आत घातला, तो आपल्या वजनाने हळू उतरला आणि तळाशी थांबला. तिने तो चार वेळा काढून पुन्हा घातला. मग वही काढली, तारीख टाकली, आणि 'फिट' या शब्दापुढे आकडा लिहिला.